मूळ साचा बिघडला असता

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनातील व्याख्यानाचा विषय म्हटला की विद्येचे महत्त्व, विवाहातील खर्चाला आळा, तरुणांपुढील कर्तव्ये असे काही असावे, हा आपल्याकडील प्रघात आहे. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते आज ह्या व्यासपीठावर बसलेले आहेत. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. म्हणून आम्ही आपला थोडा वेळ मागून घेत आहोत तो संगणकातील एका लहानशा फाईलीसाठी. विषय ऐकून मागल्या रांगेतील काही तरुण हसले, हे आम्ही पाहिले. चाळीस वर्षे वर्गात उभे राहिल्यामुळे मागल्या रांगेतील हसू आम्हांस लवकर दिसते. परंतु ह्या फाईलीच्या पायी आपल्या मंडळाचे काय नुकसान झाले, हे त्यांतील पुष्कळांस ठाऊक नाही.

मंडळाच्या कचेरीतील संगणकावर तीन वर्षांपूर्वी असा प्रकार होऊ लागला की, वर्ड उघडून नवे कोरे पान घ्यावे, तर त्याचा समास भलताच. अक्षर कधी मोठे, कधी मुंगीएवढे. कोऱ्या पानाच्या माथ्यावर कोणत्या तरी जुन्या शोकसभेच्या पत्राची अर्धी ओळ आपोआप येऊन बसे. शिष्यवृत्तीच्या पत्रावर ती ओळ छापली गेली आणि एका विद्यार्थ्याच्या आईला काय वाटले असेल ते सांगावयास नको. वधूवर-सूचीचे रकाने कागदाच्या बाहेर जाऊ लागले. वर्ड बंद करताना रोज एक इंग्रजी प्रश्न पुढे येई आणि जो तो त्याला मनास येईल ते उत्तर देई. अखेर एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थास बोलाविले. त्याने संगणक नेला, 'विंडोज गेले आहे' असे सांगितले आणि सगळी डिस्क पुसून नव्याने भरून आणून दिली. ढेकणांच्या त्रासाने खाट जाळावी तसा हा प्रकार झाला. त्या डिस्कवर आपल्या एका दिवंगत सभासदांनी गावोगाव हिंडून, वृद्धांपाशी बसून, सात वर्षे टिपून घेतलेल्या कुळांच्या वंशावळी होत्या. त्यांच्या हाताच्या वह्यांपैकी तीनच हाती लागल्या. ज्या वृद्धांनी ती नावे सांगितली त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. तो मनुष्य लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला हा एकच उपाय येत होता, एवढेच. पण त्या दिवशी बिघाड होता तो एका फाईलीत, आणि ती बदलावयास दहा मिनिटेही लागली नसती.

ती फाईल म्हणजे काय, हे आता पाहू. आमच्या वेळी मुलांचे अक्षर वळावे म्हणून कित्ता देत असत. वरच्या ओळीत मास्तरांचे अक्षर, खाली मुलाने ते गिरवावयाचे. कित्त्यातच 'ळ' वाकडा निघाला तर चाळीस मुलांच्या चाळीस पाट्यांवर वाकडा 'ळ' उमटतो. एकेका मुलाचे कान धरून काय उपयोग? वर्डलाही असा एक कित्ता आहे. त्याचे नाव 'नॉर्मल'. आपण कोरे पान मागितले की वर्ड ह्या कित्त्याकडे पाहते आणि त्याच्यासारखे पान काढून देते. ते पान आपल्याला कोरे दिसते, पण खरोखर कोरे नसते. कागद केवढा, समास किती, अक्षर कोणते आणि केवढे, ओळींत अंतर किती, मथळ्यांची धाटणी कशी, हे सर्व त्यात आधीच ठरलेले असते. शिवाय आपण बांधून ठेवलेले ठरीव मजकूर, कळफलकावरील आपले संकेत आणि मॅक्रो म्हणून ओळखली जाणारी आज्ञावली, हेही त्याच फाईलीत मुक्काम करून असतात. इंग्रजीत ह्या जातीच्या फाईलीस टेम्प्लेट म्हणतात. आपण साचा म्हणू.

२००३ पर्यंतच्या वर्डमध्ये ह्या साच्याच्या नावापुढे टिंब देऊन डी-ओ-टी अशी तीन अक्षरे असत. २००७ सालच्या आवृत्तीपासून त्यापुढे एम हे अक्षर आले. एम म्हणजे मॅक्रो. ह्या साच्यात आज्ञावली राहू शकते, असा त्याचा अर्थ. मॅक्रो ज्यात राहूच शकत नाही अशा साध्या साच्याच्या शेवटी एक्स हे अक्षर असते. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

साचा बिघडतो कसा? पहिले कारण आपल्या खेड्यापाड्यांत रोजचे आहे. वर्ड बंद होताना ते साच्यातील बदल डिस्कवर लिहीत असते. नेमकी त्याच वेळी वीज गेली की अर्धे लिहिलेले आणि अर्धे राहिलेले, अशी फाईल मागे उरते. दुसरे कारण माणसांचे. कोणी घाईत अक्षराचा आकार बदलतो आणि 'ह्या साच्यावरील सर्व कागदपत्रांस लागू' ह्या पर्यायावर खूण करून टाकतो. कोणी तर साचाच उघडून त्यात पत्र लिहून साठवून ठेवतो. शोकसभेची ती ओळ अशीच शिरली होती. येथे फाईल मोडलेली नसते, मळलेली असते. उपाय मात्र दोहोंवर एकच. तिसरे कारण जोडकामांचे. इतर कंपन्यांचे छोटे कार्यक्रम वर्डच्या आत येऊन बसतात आणि दर वेळी साच्याला हात लावतात. बंद करताना जो प्रश्न येत असे, तो 'नॉर्मल साच्यावर परिणाम करणारे बदल झाले आहेत, ते साठवावेत काय' असा असतो. आपण काहीच बदलले नसताना तो रोज येत असेल, तर बहुधा अशा एखाद्या जोडकामाचा तो उद्योग असतो.

चौथे कारण विषाणूंचे, आणि त्याचा इतिहास मोठा आहे. १९९५ साली 'कन्सेप्ट' नावाचा विषाणू वर्डच्या कागदपत्रांतून पसरला. त्याने पहिली वस्ती केली ती ह्याच साच्यात. कारण साचा बाटला की त्यावरून निघणारे प्रत्येक पान बाटते. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' आला. तो पत्राबरोबर येई, साच्यात शिरे आणि आउटलुकच्या पत्तापुस्तकातील पहिल्या पन्नास जणांस स्वतःच्या प्रती धाडून देई. मोठमोठ्या कंपन्यांस आपली टपालव्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. तो रचणारा डेव्हिड स्मिथ नावाचा अमेरिकन गृहस्थ पकडला गेला आणि २००२ साली त्यास वीस महिन्यांची कैद झाली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने बंदोबस्त पुष्कळ वाढविला. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो २०२२ पासून आपोआप अडविले जातात. तरीही अनोळखी पत्रासोबत आलेल्या फाईलीवर 'मजकूर चालू करा' असे बटण दिसले तर ते दाबू नये, एवढे घरातील मुलाबाळांस सांगून ठेवावे.

वैद्य नाडी पाहून मग औषध देतो. साच्यावर आळ घेण्यापूर्वी दोष खरोखर त्याचाच आहे की नाही, हे पाहावे. जुने पत्र उघडून पाहावे; ते ठीक आणि नवे कोरे पान तेवढे वाकडे, असे असेल तर संशय साच्यावर जातो. एकच जुने पत्र बिघडलेले आणि नवे पान नीट असेल, तर दोष त्या पत्रात आहे. पडद्यावर सारे ठीक आणि कागदावर वाकडे, असे असेल तर छपाईयंत्राकडे पाहावे. ह्याहून पक्की परीक्षा अशी की, वर्ड हे साच्यावाचून सुरू करावे. विंडोजची कळ आणि आर ही कळ एकदम दाबली की एक लहान चौकट येते. तीत इंग्रजीत 'विनवर्ड', मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि तिला लागून ए हे अक्षर लिहून एंटर दाबावे. तिरकी रेघ उजवीकडे झुकलेली पाहिजे. असे केल्याने वर्ड आपला साचा आणि जोडकामे दूर ठेवून उघडते. अशा वेळी सर्व सुरळीत चालले, तर चोर त्या दोघांपैकीच कोणी तरी आहे.

आता दुरुस्ती. आम्ही हा भाग सावकाश सांगणार आहोत, कारण घाईने येथेच घोळ होतो.

प्रथम वर्ड पूर्ण बंद करावे, आणि आउटलुक वापरत असाल तर तेही. वर्ड उघडे असताना साचा बदलला, तर जाता जाता वर्ड आपल्या पोटातील जुनाच साचा पुन्हा लिहून ठेवते आणि केलेले काम वाया जाते. मग वर सांगितलेली विंडोज आणि आर ह्यांची चौकट उघडावी. तीत पर्सेंटचे चिन्ह, त्याला लागून 'ॲपडेटा' हा शब्द, पुन्हा पर्सेंटचे चिन्ह, मग डावीकडे झुकलेली तिरकी रेघ, 'मायक्रोसॉफ्ट', पुन्हा तशीच रेघ आणि 'टेम्प्लेट्स' असे सर्व इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहावे. एंटर दाबताच फोल्डर उघडेल. सरळ मार्गाने शोधू जाल तर हे फोल्डर सापडत नाही, कारण विंडोजने ॲपडेटाचे घर मुद्दाम झाकून ठेवलेले आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाने ते शोधण्यात अख्खी दुपार घालविली होती.

फोल्डरात 'नॉर्मल' नावाची फाईल दिसेल. ती पुसावयाची नाही. हे आम्ही दोनदा सांगतो: पुसावयाची नाही. तिच्यावर एकदा टिचकी मारून एफ-दोन ही कळ दाबावी आणि नाव बदलून 'ओल्डनॉर्मल' करावे. नावापुढे टिंब आणि चार अक्षरे दिसत असतील तर ती तशीच राहू द्यावी; दिसत नसतील तर आपण होऊन जोडू नयेत. नावाच्या आरंभी लहरी रेघ आणि डॉलरचे चिन्ह असलेली दुसरी एखादी फाईल तेथे दिसली, तर वर्ड अजून कोठे तरी चालू आहे, किंवा पूर्वी कधी अवचित बंद पडले होते, असे समजावे. अशा वेळी संगणक एकदा बंद करून सुरू करावा आणि मग पुढे जावे.

नाव बदलल्यावर वर्ड उघडावे. आपला कित्ता जागेवर नाही हे पाहून ते मुळीच कुरकुर करीत नाही. कारखान्यातून आले होते तसा नवा साचा स्वतःच तयार करते. कोरे पान घेऊन पाहावे, वर्ड एकदा बंद करावे आणि पुन्हा उघडून खात्री करून घ्यावी. एवढेच काम. आपली पूर्वीची पत्रे, हिशेब, वंशावळी ह्यांतील अक्षरही हलत नाही, कारण प्रत्येक पत्र आपली धाटणी आपल्या पोटात घेऊन असते. साच्याची गरज जन्माच्या वेळेपुरती.

जुना साचा पुसू नये असे म्हटले, ते का? त्यात आपण कष्टाने बांधलेल्या धाटण्या असतात. त्या परत आणता येतात. वर्डमध्ये स्टाइल्सचा फलक उघडून त्याच्या तळाशी असलेल्या 'मॅनेज स्टाइल्स'मध्ये शिरावे आणि तेथील आयात-निर्यातीचे बटण दाबावे. दोन याद्या समोरासमोर उभ्या राहतात. एका बाजूस नवा साचा ठेवून दुसऱ्या बाजूची फाईल बंद करावी, तिच्या जागी 'ओल्डनॉर्मल' उघडावा आणि हव्या त्या धाटण्या एकेक करून पलीकडे धाडाव्यात. सगळ्या एकदम उचलू नयेत. तसे केल्यास घाण पुन्हा घरात येते. आपण स्वतः न लिहिलेल्या मॅक्रोस तर मुळीच हात लावू नये.

येथे मराठी लिहिणाऱ्यांपुढे एक निराळीच अडचण उभी राहते आणि इंग्रजी पुस्तकांत तिची चर्चा फारशी आढळत नाही. नव्या साच्यात अक्षर येते ते कारखान्याच्या पसंतीचे: २००३ पर्यंत टाइम्स न्यू रोमन, २००७ पासून कॅलिब्री आणि अलीकडच्या आवृत्त्यांत ॲप्टॉस. आपल्यापैकी जे अजून श्रीलिपीसारख्या पद्धतीच्या जुन्या अक्षरांत लिहितात, त्यांच्या साच्यात ते अक्षर ठरवून ठेवलेले असते. नवा साचा आला की ते जाते, आणि कळा दाबल्यावर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी उमटते. 'मराठी उडाली' म्हणून तेव्हा आरडाओरड होते. मराठी उडालेली नसते. ती जुनी अक्षरे आतून रोमन अक्षरांचेच संकेत वापरतात आणि वर देवनागरीचा अंगरखा घालतात; अंगरखा निघाला की आतले दिसू लागते, एवढेच. अक्षर पुन्हा निवडावे म्हणजे पूर्ववत् होते. युनिकोडमध्ये ही पंचाईत नाही, कारण तेथे 'क' हा आतूनही 'क'च असतो. मंडळाचे नवे लिखाण युनिकोडमध्येच व्हावे असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही, पण त्यांच्या फाईली दुसऱ्या संगणकावर उघडत नाहीत तेव्हा त्यांनीही आमच्याकडे येऊ नये.

युनिकोडवाल्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात धरावी. कंट्रोल आणि डी ह्या कळा दाबल्या की अक्षरांची चौकट उघडते. मराठी ही भाषा ऑफिसमध्ये जोडलेली असेल, तर त्या चौकटीत दोन घरे दिसतात: एक रोमन लिपीसाठी, दुसरे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' ह्या नावाचे. देवनागरी ह्या दुसऱ्या घरात राहते. पहिल्या घरात आकडा चौदा केला आणि दुसऱ्यात अकराच ठेवला, तर इंग्रजी मोठी होते आणि मराठी होती तेवढीच राहते. दोन्ही घरे भरावीत. मराठीसाठी मंगल, कोकिळा, निर्मला अशांपैकी जे आपल्या संगणकावर असेल ते घ्यावे. मग 'सेट ॲज डीफॉल्ट' दाबावे आणि पुढच्या प्रश्नात साच्यावरील सर्व कागदपत्रांचा पर्याय निवडावा. पानाच्या मांडणीच्या चौकटीतही असेच बटण आहे. तेथे कागद ए-फोर, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच, हा ठरवून द्यावा. अमेरिकेतील लेटर कागद ह्याहून थोडा रुंद आणि आखूड असतो. आपल्या वधूवर-सूचीचे रकाने कागदाबाहेर जात होते ते ह्याच फरकामुळे. साच्यात लेटर लिहिलेले आणि यंत्रात ए-फोर घातलेला.

एवढे झाले की वर्ड बंद करून ह्या निरोगी साच्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. वनड्राइव्ह आपले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि छायाचित्रे सांभाळते. ॲपडेटाच्या झाकलेल्या घराकडे ते पाहत नाही. पुढे साचा पुन्हा बिघडला तर ही प्रत त्या फोल्डरात आणून ठेवावयाची, की काम संपले.

मंडळाचा शिक्का, पत्ता आणि अध्यक्षांचे नाव ह्या मूळ साच्यात घालावे, असा आग्रह आपल्या एका उत्साही सभासदांनी धरला होता. आम्ही त्यास विरोध केला आणि अजूनही करतो. घराच्या जोत्यावर कोणी दिनदर्शिका टांगीत नाही. मंडळाच्या पत्रासाठी वेगळा साचा करावा, तो शेवटी एक्स असलेल्या जातीचा असावा, आणि साठवताना 'वर्ड टेम्प्लेट' हा प्रकार निवडावा. तो डॉक्युमेंट्समधील साच्यांच्या फोल्डरात आपोआप जाऊन बसतो आणि नवे पान घेताना 'पर्सनल' ह्या सदराखाली मिळतो. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी दुसरा आणि शोकपत्रासाठी तिसरा. त्यांतील एक बिघडला तरी बाकीच्यांस झळ लागत नाही.

नवा साचा दोनचार दिवसांत पुन्हा नासू लागला, तर दोष जोडकामात आहे असे समजून पर्यायांच्या चौकटीतील 'ॲड-इन्स'मध्ये जावे आणि एकेक जोडकाम बंद करून पाहावे. एका वेळी एकच. सर्व एकदम बंद केल्यास कोणते नाठाळ होते ते कळत नाही. त्याच चौकटीत 'ॲडव्हान्स्ड' ह्या भागात, साठवण्याच्या सदराखाली, नॉर्मल साचा साठवण्यापूर्वी विचारावे अशी एक खूण आहे. ती जरूर करून ठेवावी. मग साचा साठवण्यापूर्वी वर्ड आपल्याला विचारते, आणि प्रश्न अवचित आला तर 'नको' असे उत्तर द्यावे. विषाणूचा संशय असेल तर मात्र साचा बदलण्याआधी विषाणुनाशक चालवावे. एरवी पहिले बाधित पत्र उघडताच नवा साचाही बाधतो.

जे लिब्रेऑफिस वापरतात त्यांची वाट सोपी आहे. तेथे साच्यांच्या व्यवस्थापकात मूळ साचा पूर्ववत् करण्याची सोय आहे, आणि २०१७ पासूनच्या आवृत्त्यांत मदतीच्या यादीत 'सुरक्षित पद्धतीने पुन्हा सुरू करा' असा पर्यायही आहे. सरकारी शाळांतून निवृत्त झालेल्या आमच्या काही बंधूंना हे पुष्कळ मानवते, कारण त्यास पैसे पडत नाहीत.

वंशावळींविषयी एक निवेदन करून आम्ही आपली रजा घेतो. मिळालेल्या तीन वह्या युनिकोडमध्ये उतरविण्याचे काम चालू झाले असून, त्यांची प्रत दोन निरनिराळ्या घरी ठेवण्यात येत आहे. ज्यांच्या घरी जुने कागद, देवघरातील याद्या किंवा तीर्थाच्या उपाध्यायांकडील उतारे असतील, त्यांनी ते कचेरीत दाखवावेत. मूळ कागद त्याच दिवशी परत केला जाईल. आणि ज्यांच्या संगणकावर कोरे पान कोरे येत नाही, त्यांनी चहापानानंतर डाव्या बाजूच्या टेबलाशी यावे. आम्ही संध्याकाळी सहापर्यंत तेथेच बसणार आहोत.